पाठ बघणारी माणसं

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला बसवायचं कुठं, हा आईपुढं कायमचा प्रश्न असायचा. वडगावातलं आमचं घर दोन खोल्यांचं. मोठी खोली चार यंत्रमागांनी अडवलेली. लहान खोलीत चूल, देव, कांड्या भरायचं यंत्र, सुताची पोती आणि आम्ही माणसं. थोरल्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या तेव्हा कुठं आप्पा, आई, आत्ती आणि मी, अशा चौघांना पाय लांब करून झोपता यायला लागलं. माग घरमालकाचे, सूत व्यापाऱ्याचं, झालेली साडी दुकानदाराची. आमचं म्हणायला आमचे हात होते. वीज असली की ते चालायचे. वीज दोन दिवस नीट नसली की आईची भाकरी लहान होत जायची आणि तिसऱ्या दिवशी पिठाची आंबील व्हायची. ती आंबील मी पुढं हौसेनंसुद्धा कधी प्याले नाही. लोक आता उन्हाळ्यात काचेच्या ग्लासातून पितात, छान म्हणतात. म्हणू देत.

मागांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो कसा असतो हे सांगून कळणार नाही. चार माग एकदम चालले की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, मडक्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. आमच्या गल्लीत असे माग प्रत्येक घरात. सुताचा भुसा हवेत तरंगत राहायचा आणि पिठात, पाण्यात, आमच्या केसांत, भुवयांत जाऊन बसायचा. शाळेत पोरी विचारायच्या, "शोभा, एका रात्रीत म्हातारी झालीस काय गं?" भाकरीत एखादा तरी धागा निघायचाच. तो बोटाला गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि पुढचा घास घ्यायचा, एवढं ते सवयीचं होतं.

त्या आवाजात आप्पांचे कान वयाच्या चाळिशीलाच निम्मे गेले होते. पण मागांच्या खोलीत तसंही कुणी कानांवर विसंबत नसे. आमची सगळी बोली हातांची. बोट हवेत गोल फिरवलं की 'चालू ठेव'. मूठ वळली की 'बंद कर'. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून झटक्यात सोडली की 'धागा तुटला'. धागा तुटला की माग थांबवायचा, पाठीमागच्या बाजूला जायचं, तुटलेलं टोक हुडकायचं, गाठ मारायची आणि मग परत पुढं यायचं. पुढं उभं राहून कितीही बघितलं तरी ते टोक सापडत नाही. आई तर नुसत्या हातांनी मला शिव्या द्यायची, आणि त्या पलीकडच्या घरातल्या बायका खिडकीतून वाचून हसायच्या.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. साडी हातात आली की आमची माणसं आधी ती उलटी करतात. काठ, पदर, रंग, सगळं नंतर. आधी पाठ. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि विणणाऱ्याचं खरं काम पाठीवर दिसतं, असं आप्पा म्हणायचे. ते स्वतः त्यांच्या वडिलांच्या हातमागावर शिकलेले. हातमागावर एकाच साडीला दोन माणसं आळीपाळीनं बसली, तर कापड उलटं करून उजेडात धरल्यावर हात कुठं बदलला ते त्यांना नुसत्या नजरेनं समजायचं. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ती तर त्याही पुढची. निपाणीच्या एका लग्नात तिनं नवरदेवाच्या आईचा पदर, तिच्या अंगावर असतानाच, उलटा करून बघितला आणि "पाठ चांगली हाय" म्हणून शाबासकी दिली. ते लग्न मोडता मोडता राहिलं. आत्तीला शेवटपर्यंत आपलं काय चुकलं ते समजलं नाही.

मी शिकले ती याच आवाजात. सूत गुंडाळायच्या रिकाम्या बीमवर बसून मोठ्यानं वाचायची. कुणाला ऐकू जात नसे, म्हणून चुकलं तरी लाज वाटत नसे. मागाच्या ठेक्यावर पाढे, ठेक्यावर कविता, ठेक्यावर इंग्लिश. शाळेच्या आधी पाटीभर कांड्या आणि शाळेनंतर पाटीभर कांड्या, मधल्या वेळात शिक्षण. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आप्पांनी खव्याचा कुंदा आणला आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या तळहातावर चमच्यानं स्वतः घातला. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदाच आला होता. आप्पांनी तो हातात घेतला, सवयीनं उलटा केला, पाठ कोरी बघून म्हणाले, "ह्याच्या पाठीवर कायच न्हाय की गं." मग आणखी जरा बघून म्हणाले, "म्हंजे अजून जागा हाय."

एवढ्यावर त्यांनी मला एम.ए.ला जाऊ दिलं. पण अट स्पष्ट होती. "एक वरीस मी रेटतो. दुसऱ्याचं तुझं तू बघ. न्हाय जमलं तर आक्कानं निपाणीचं स्थळ आणलंयच." आत्तीनं ते स्थळ खरंच आणलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. मला त्याच्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. मला फक्त दुसरं वर्ष हवं होतं.

विद्यापीठ गावाबाहेर, हायवेला लागून, माळाच्या उतारावर. मी तिथं गेले त्याच वर्षी ग्रंथालयाच्या पाठीमागच्या उतारावर शिल्पांची बाग तयार झाली होती. आदल्या हिवाळ्यात शिल्पकारांचं शिबिर भरलं होतं, त्यांनी तिथंच राहून दगड, लोखंड, सिमेंट यांतून वीसेक कामं उभी केली. मधे गवत, कडेनं गुलमोहर, प्रत्येक शिल्पापुढं एक पाटी. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली, आणि कारण अगदी साधं होतं: तिथं वारा ऐकू यायचा. वारा आवाज करतो हे मला विसाव्या वर्षी समजलं.

बागेची व्यवस्था बघणाऱ्या आमच्या मॅडम धारवाडकडच्या. मराठी शिकून घेतलेली, बोलताना मधे मधे कन्नड यायची. रविवारी येणाऱ्या लोकांना बाग दाखवायला त्यांना एक विद्यार्थी हवा होता, मराठी, कन्नड आणि थोडं इंग्लिश बोलणारा. जो राहील त्याची दुसऱ्या वर्षाची फी माफ. मी हात वर केला. मॅडमनी मला महिनाभर करून बघ म्हणून सांगितलं.

मी काय केलं? माहितीपत्रकाची चार पानं तिन्ही भाषांत घडाघडा पाठ केली. आणि रविवारी लोकांपुढं उभी राहून, चार मागांवर मात करायच्या आवाजात, मागाच्या ठेक्यावर म्हणून दाखवली. "प्रस्तुत शिल्पात, शिल्पकाराने, मातृत्वाचा, आशय…" लोक पहिल्यांदा दचकायचे, मग घड्याळ बघायचे. एका रविवारी कुठल्याशा कचेरीतली बारा माणसं माझ्याबरोबर निघाली. चौथ्या शिल्पापाशी माझ्याबरोबर एक आजोबा उरले, तेही तिथं बाक होता म्हणून.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "पाठांतर छान आहे री शोभा. पण लोक निघून जातात. पुढच्या रविवारी मी स्वतः तुझ्याबरोबर फिरते, ऐकते. मग ठरवू." त्या चांगल्या होत्या, म्हणून पुढचं वाक्य त्या खिडकीकडं बघत बोलल्या. "दुसऱ्या एका मुलीनं पण नाव दिलंय."

घरी येऊन मी हे फक्त आईला सांगितलं. माग चालू असताना, तिच्या कानाजवळ तोंड नेऊन. आप्पा पलीकडच्या टोकाला धोट्यात कांडी घालत होते. त्यांना ऐकू येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते तीस वर्षं ओठ वाचत आलेत, हे मात्र त्या घटकेला माझ्या डोक्यातून साफ गेलं.

जेवताना आप्पा म्हणाले, "रविवारी अमावस्या हाय."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? माग बंद. गल्लीला घेऊन जातो हिच्या बागंत. बघू कोण मधनं निघून जातंय ते."

अमावस्या हा आमचा सुट्टीचा दिवस. दुनिया अमावस्येला चांगलं काम टाळते, आम्ही विणकर त्या दिवशी लग्नाची बोलणी करतो, न्हाणीघर सारवतो, नातेवाइकांकडं जातो, कारण तेवढाच दिवस माग थांबतात. सगळी गल्ली अशी गप्प व्हायची की पाळण्यातली पोरं शांततेनं दचकून उठायची. त्या दिवशी माणसं मोकळीच असायची. म्हणजे आप्पा बोलतात ते करणार, हे उघड होतं.

"आप्पा, तिथं दगडांच्या मूर्ती आहेत नुसत्या. तुम्हाला कंटाळा येईल."

"तू आठवड्याला जातीस, तुला येतोय कंटाळा?"

"न्हाय."

"मग?"

आत्ती म्हणाली, "मी तर येणार. निपाणीच्या पावण्यास्नी सांगाय पायजे की पोरगी काय काम करती. दगडं दाखवती म्हणून कसं सांगू? बघून तरी घेते."

त्या रविवारी मी सकाळी बसनं पुढं गेले. दहाच्या सुमाराला बीम वाहून न्यायचा टेम्पो विद्यापीठाच्या गेटात आला. त्यातून जी माणसं उतरली ती मला अजून एकेक आठवतात. आई नव्या इस्त्रीच्या साडीत. आत्ती डोईवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. मागांची दुरुस्ती करणारा परशा जॉबर, खिशात सवयीनं पाना. बाकी शेजारपाजारचे मिळून पंचवीस तरी असतील. वॉचमननं हात आडवा केला. "कल्याणमंटप खाली हाय. हितं लगीन न्हाय."

आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी मागांच्या आवाजावरून ओरडायच्या सवयीनं उत्तर दिलं, "माझी लेक हाय आत! ती दाखवणार हाय!" ग्रंथालयाच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मॅडम पायऱ्यांवर उभ्या होत्या. "इवरु यारु, शोभा? कोण हे सगळे?"

मी सरळ सांगितलं, "आमची गल्ली, मॅडम." खोटं बोलायची सोयच नव्हती. सगळ्यांच्या भुवयांत सूत होतं.

पहिलं शिल्प 'बाजारची बाई'. काळ्या दगडातली, माणसापेक्षा मोठी, टोपली पुढं घेऊन बसलेली. पत्रकात तिच्यावर पाऊण पान होतं आणि मॅडमना ते सगळ्यात आवडायचं. मी पाटीच्या बाजूला उभी राहिले, घसा साफ केला आणि मान वर केली तर समोर एकही माणूस नाही. सगळी गल्ली शिल्पाच्या पाठीमागं गेली होती.

"पुढनं बघा हो! पुढनं बघायचं असतं!"

"पुढची बाजू काय पळून चालली व्हय?" पाठीमागून आत्तीचा आवाज आला.

मॅडम गवतावर एकट्या उभ्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं मी टाळलं, नजर दगडावर ठेवली आणि घडाघडा सुरू केलं. "प्रस्तुत शिल्पात, शिल्पकाराने…" दगडाच्या त्या बाजूला माणसं, या बाजूला मी, मधे दीड टनाची बाई. दोन वाक्यं झाली असतील नसतील, आप्पा दगडाच्या कडेनं डोकावले. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं एकमेकांत अडकवली आणि झटक्यात सोडली.

धागा तुटला.

जन्मभराची सवय अशी की ती खूण दिसली आणि मी वाक्याच्या मधेच थांबले. मूठ वळल्यावर माग थांबतो तशी. आणि धागा तुटला की जिकडं जायचं तिकडं माझे पाय आपोआप गेले. पाठीमागं.

मी चार रविवार त्या बाईपुढं उभी राहिले होते आणि तिची पाठ मी एकदाही बघितली नव्हती, हे मी आज लिहून ठेवते. विणकराची मुलगी असून. पुढचा दगड घासून गुळगुळीत केलेला होता, पाठीवर मात्र टाकीचे घाव तसेच राखलेले. अंबाडा, मानेची पन्हळ, चोळीची शिवण, खाली लुगड्याच्या काष्ट्याच्या निऱ्या जमिनीला टेकलेल्या. आप्पा गुडघ्यावर बसले होते. कापड चाचपावं तसा त्यांचा हात दगडावरून फिरत होता. कमरेच्या जरा खाली त्यांनी नख टेकवलं.

"हितं हात बदललाय."

"कुठं वो, आप्पा?" परशा जॉबर वाकला.

"डोळं घरात ठेवून आलास काय? वरचा घाव बघ, उजवीकडनं डावीकडं उतरतोय. हितनं खाली बघ, उलटा."

परशानं बोट फिरवून बघितलं. "आयला, व्हय की! खालचा माणूस डावरा हाय."

मॅडम आता आमच्याजवळ येऊन उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "नाही हो. एकाच शिल्पकाराचं काम आहे. पाटीवर नाव आहे."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी एक बोट वर करून दाखवलं: एकच माणूस, म्हणतात. त्यांनी मान हलवली. "पाटी पुढं हाय. मी पाठीचं सांगतोय. दोन माणसं."

मॅडमना कुणी असं तोंडावर खोटं पाडत नसे. पण मॅडमनी दगडाकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि मग गुलमोहराखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला हाक मारली. "कल्लाप्पा, बर्री इल्ली. इकडं या जरा." मी त्यांना दर रविवारी बघत होते. काथ्याचा कुंचा घेऊन ते शिल्पांवरची पाखरांची घाण साफ करायचे. मला वाटायचं माळीच आहेत. पाटीवरचं नाव त्यांचंच होतं आणि शिबिरानंतर ते बाग राखायला तिथंच राहिले होते, हे मला ठाऊक नव्हतं; मी कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी त्यांना कन्नडमधून काहीतरी विचारलं. कल्लाप्पांनी कुंचा खाली ठेवला. "हे कुणी बघितलं?"

सगळ्या गल्लीनं आप्पांकडं बोट केलं.

"बरं झालं," कल्लाप्पा म्हणाले. खानापूरकडची त्यांची मराठी, सावकाश. "शिबिरात वरचं काम झालं आणि माझा खांदा गेला. हात वर होईना. दिवस थोडंच राहिलेलं. माझी बायको गौरव्वा रोज डबा घेऊन यायची. तिनं दोन दिवस बघितलं आणि म्हणली, सरका तिकडं. पाथरवटाचीच लेक ती. कमरंखालचं सगळं तिनं कोरलं, डाव्या हातानं. ह्या निऱ्या बघा. मला जन्मात असल्या निऱ्या आल्या नसत्या. रोज नेसणाऱ्यालाच ठाऊक असतंय त्या कुठं पडत्यात."

मग आईनं विचारलं. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. "मग पाटीवर त्यांचं नाव का न्हाय?"

कल्लाप्पा ओशाळले. "फॉर्मात एकाच नावाची जागा होती."

"आमच्या साडीवर तर एकाचंबी नसतंय," आई म्हणाली.

"म्हणून तर पाठ बघावी लागती," आत्ती म्हणाली, आणि कल्लाप्पांसकट सगळे मोठ्यानं हसले. आमच्या लोकांचं हसणं मागांच्या आवाजावर मात करणारं. त्या हसण्यानंच झालं असावं, पलीकडं फिरायला आलेली दोन-तीन कुटुंबं काय चाललंय म्हणून आमच्याकडं वळली. चांगली, शहरी माणसं, गळ्यात कॅमेरे. ती येऊन पाटीपुढं उभी राहिली.

मॅडम मला म्हणाल्या, "हं, शोभा. लोक आलेत."

पत्रक माझ्या हातात होतं. मी ते घडी करून पर्समध्ये घातलं. मोठं शौर्य वगैरे काही नव्हतं. पत्रकात गौरव्वा नव्हती, मग ते वाचून काय उपयोग? मी म्हटलं, "इकडून या. आधी पाठ बघूया." माझा आवाज मला वेगळाच ऐकू आला. ठेका नव्हता. मी त्यांना विचारलं की या बाईच्या अंगावर किती माणसांचे हात दिसतात. ती माणसं वाकली, बोटं फिरवली, वाद घालायला लागली. एका बाईंना घाव उलटा होतो ती जागा सापडली तेव्हा त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या. आप्पा बाजूला उभे राहून, आपण विणलेलं कापड दुसऱ्यानं हातात घेतल्यावर बघावं तसे, सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते.

मग आम्ही सगळी बाग तशीच बघितली, पाठीकडून. मलाही पुढं काय निघणार ते ठाऊक नव्हतं, आणि त्यातच मजा होती. सिमेंटच्या एका उंच आकारावर पाठीमागं साच्याच्या फळ्यांचे शिरांसकट ठसे होते. "हे फणसाचं लाकूड," "न्हाय, आंब्याचं," यावर गल्लीत दोन तट पडले. लोखंडी पत्र्यांच्या बैलापाशी परशा जॉबरनं शेपटीखालून आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "आत बसची पाटी हाय!" त्याचा आवाज बैलाच्या पोटातून घुमत आला. "उलटी जोडलीया. कन्नडमध्ये निप्पाणी लिवलंय!"

आत्तीनं कपाळावर हात मारला. "बैलाच्या पोटातनं माझ्या स्थळाचं गाव निघालं की गं!"

शेवटच्या शिल्पापर्यंत एकही माणूस निघून गेला नाही. कॅमेरेवाले तर उलट वाढले होते.

मग गवतावर गाठोडं सोडलं. ज्वारीच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाचटणी, आणि आईनं पहाटे कालवलेला दहीभात. आत्तीनं मॅडमना हाताला धरून बसवलं. कल्लाप्पाही बसले. मॅडमच्या दुसऱ्या घासात धागा निघाला. लांबच लांब, मोरपंखी. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मॅडमनी तो धागा उजेडात धरला आणि गंभीरपणे विचारलं, "ही पाठ आहे का पुढची बाजू?" आत्तीला त्या बाईंचं जे वेड लागलं ते कायमचं. पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडून मॅडमच्या घरी दिवाळीला डबा जायचा आणि डबा भरताना आत्ती म्हणायची, "धागा घालू नका गं कुणी, न्हायतर घाला."

निघताना मॅडमनी आप्पांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "त्या दुसऱ्या मुलीला मी कळवते. पुढच्या रविवारपासून तूच." मग म्हणाल्या, "पण आवाज जरा कमी, हं. ग्रंथालय आहे."

मी त्या दिवशी टेम्पोतूनच घरी गेले. मागचा पत्रा इतका खडखडत होता की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि सगळे तरीही बोलत होते. आप्पा माझ्या समोरच्या कडेला, बीम बांधायच्या दोरीला धरून उभे. मी त्यांच्याकडं बघून विचारायच्या खुणा केल्या. दोन बोटं: दुसरं वर्ष? आत्तीकडं मान: आणि ते स्थळ? हायवे संपून टेम्पो गावात वळला तेव्हा आप्पांनी दोरीवरचा एक हात सोडला आणि बोट हवेत गोल फिरवलं.

चालू ठेव.

आत्तीनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. पण हसतच. निपाणीच्या लोकांना तिनं काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. त्या मुलाचं पुढं चांगलं झालं, एवढं ऐकलं.

आता माझे स्वतःचे केस सूत नसतानाही पांढरे आहेत. आप्पा नाहीत, आत्ती नाही. परशा आहे, त्याचे कान गेलेत, आम्ही अजून हातांनी बोलतो. शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. अधून मधून त्या बागेत जाते. आता तिथं शिल्पापुढं मोबाइल धरला की मोबाइलच माहिती सांगतो, माझ्यापेक्षा पुष्कळ शुद्ध. पण बाजारच्या बाईभोवती गवतातून एक पायवाट पडलेली आहे. ती पाटीपासून सुरू होत नाही. कडेनं थेट पाठीमागं जाते आणि मग पुढं येते. मी तिथं होते तोवर माणसांच्या पायांनीच ती पडली, आणि नंतर विद्यापीठानं तिच्यावर फरशा घातल्या.

पाटी दुसऱ्या वर्षी बदलली. तिच्यावर कल्लाप्पांच्या नावाखाली गौरव्वांचं नाव आहे, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. ती बसवली त्या दिवशी गौरव्वा स्वतः आल्या होत्या. त्यांनी पाटीवरून डावा हात फिरवला आणि वाकून त्या पाटीचीही पाठ बघितली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एम.ए. पास झाले. आमच्या गल्लीतली पहिली. प्रमाणपत्र घरी आणल्यावर आप्पांनी ते उलटं केलं, कोरी पाठ बघितली, माझ्या हातात परत दिलं आणि माग चालू करायला गेले.